ऑन्टॅरिओच्या चिकणमातीवर लॉन आणि बाग: आधी वाफसा, मग पेरणी

दक्षिण ऑन्टॅरिओत, विशेषतः ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन आणि ओकव्हिलच्या नव्या वसाहतींत घर घेतलेली अनेक मराठी कुटुंबे दर मे महिन्यात एकच क्रम पाळतात. दुकानातून बियाण्याची पिशवी आणायची, पिवळ्या पडलेल्या जागांवर मुठीने बी फेकायचे, वर खत टाकायचे आणि रोज संध्याकाळी थोडे पाणी द्यायचे. जूनमध्ये कोवळी हिरवी छटा दिसते, जुलैच्या उन्हात ती करपते, ऑगस्टपर्यंत तिथे तण माजते आणि पुढच्या मे महिन्यात सगळे पहिल्यापासून सुरू होते. बियाणे बहुधा चांगलेच असते. चुकतो तो कामाचा हंगाम आणि कामांचा क्रम.

या जमिनीची अडचण घर बांधतानाच सुरू झालेली असते. वसाहत उभारताना वरची सुपीक माती काढून बाजूला रचतात, खालच्या चिकणमातीवर अवजड यंत्रे महिनोन्महिने फिरतात आणि शेवटी त्या दाबल्या गेलेल्या थरावर सुपीक मातीचा पातळ थर पसरून तयार गवताचे गालिचे अंथरले जातात. मुळे त्या पातळ थरातच आडवी वाढतात. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात खोल भेगा पडून स्वतःलाच मोकळी करते. इथली चिकणमाती तितकी फुगत-आकसत नाही, आणि हिवाळ्यातल्या गोठण्या-वितळण्याने केवळ वरचा थोडासा भाग भुसभुशीत होतो. त्यामुळे ती मोकळी करण्याचे काम आपल्यालाच, योग्य ओलाव्यावर (यालाच वाफसा म्हणतात) आणि योग्य महिन्यात करावे लागते.

खालचे टप्पे जुलैपासून सुरू होतात, कारण इथल्या हिरवळीचे खरे वर्ष उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होते.

टप्पा १: माती तपासा (जुलै)

खत किंवा कंपोस्ट विकत घेण्याआधी तीन साध्या चाचण्या कराव्यात.

पहिली, हाताची. पंधरा सेंटीमीटर खोलीवरची माती मूठभर घ्या, लोण्यासारखी मऊ होईपर्यंत पाण्याने मळा आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची पट्टी काढा. पाच सेंटीमीटरपेक्षा लांब पट्टी न तुटता निघाली, तर जमीन भारी चिकणमातीची आहे. अडीच ते पाच सेंटीमीटरवर तुटली, तर ती मध्यम आहे आणि पुढची कामे थोडी सोपी जातील.

दुसरी, निचऱ्याची. तीस सेंटीमीटर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरा आणि पूर्ण मुरू द्या. मग पुन्हा भरून दर तासाला पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. तासाला एक सेंटीमीटरपेक्षा कमी पाणी उतरत असेल, तर निचरा वाईट आहे आणि टप्पा २ टाळता येणार नाही.

तिसरी, प्रयोगशाळेची. ग्वेल्फ येथील प्रयोगशाळांकडे घरगुती बागांच्या मातीचे नमुने तपासून मिळतात. दहा-बारा ठिकाणची, दहा सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करून त्यातला नमुना पाठवावा. अहवालात सामू (pH), सेंद्रिय पदार्थ, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) या चार गोष्टी आधी पाहाव्यात.

इशारा: शेजाऱ्याने टाकला म्हणून चुना टाकू नका. या भागातील माती चुनखडीयुक्त असून तिचा सामू बहुतेक ठिकाणी ७ च्या वर असतो. चुन्याने तो आणखी वाढतो. जिप्समही घालू नका, कारण ते सोडियमने बिघडलेल्या जमिनीवरच काम करते आणि इथे कॅल्शियमची मुळात कमतरता नसते. याला एकच अपवाद आहे आणि तो टप्पा ७ मध्ये येतो.

टप्पा २: उतार आणि पाण्याची वाट (जुलै अखेर)

घराच्या पायापासून जमीन बाहेरच्या बाजूला दर मीटरला सुमारे दोन सेंटीमीटर उतरती असावी. नव्या घरांभोवती भरलेली माती पहिल्या काही वर्षांत दबते आणि हा उतार उलटा होतो. मग पाणी तळघराच्या भिंतीकडे वाहू लागते. तिथे वाळू किंवा खडी न घालता चिकणमातीच भरून दाबून घ्यावी, म्हणजे पाणी वरून वाहून जाईल. विटांच्या किंवा साइडिंगच्या खालच्या कडेपासून मातीची पातळी किमान पंधरा सेंटीमीटर खाली राहिली पाहिजे.

दोन घरांच्या हद्दीवर जो उथळ चर दिसतो, तो वसाहतीच्या मंजूर आराखड्याचा भाग असतो. तो पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी वाहून नेण्यासाठी ठेवलेला असतो. सपाट लॉन हवे म्हणून तो बुजवला, त्यात भाजीचा वाफा केला किंवा त्यावर शेड उभारली, तर पाणी शेजाऱ्याच्या तळघरात शिरू शकते आणि नगरपालिका तो पूर्ववत करायला लावू शकते.

लॉनमधले लहान खोलगट भाग एकदम भरू नयेत. गवताची टोके वर दिसत राहतील अशा बेताने एका वेळी एक ते दीड सेंटीमीटर माती पसरावी आणि गवत वर आल्यावर पुन्हा तितकीच द्यावी.

तपासणी: मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बागेत फिरा. चोवीस तासांनंतरही पाणी साचलेले दिसत असेल, तर त्या जागी पेरणी करू नका. आधी उतार दुरुस्त करा.

टप्पा ३: वाफसा पाहा

सगळ्या कामात हा टप्पा सर्वांत जास्त वेळा वगळला जातो, आणि नुकसानही सर्वांत जास्त यानेच होते. चिकणमाती ओली असताना तिच्यावर चालले, यंत्र फिरवले किंवा ती खणली, तर कणांमधल्या हवेच्या पोकळ्या चेपल्या जातात आणि वाळल्यावर तिची कठीण ढेकळे होतात. एका ओल्या शनिवारी केलेली घाई पुढचे दोन-तीन हंगाम भोगावी लागते. उलट ती पूर्ण कोरडी असताना एरेटरचे (जमिनीत छिद्रे पाडणाऱ्या यंत्राचे) दात आत शिरत नाहीत आणि कुदळ उसळून येते. काम करायचे ते या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे वाफशावर.

वाफसा ओळखण्याची पद्धत गावाकडे जी आहे तीच इथे चालते. दहा सेंटीमीटर खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करा आणि तो अंगठ्याने ढकला. गोळा फुटून चुरा झाला तर वाफसा आहे. नुसता चेपला आणि अंगठ्याचा ठसा चमकत राहिला, तर अजून दोन दिवस थांबा. गोळाच होत नसेल, तर आदल्या दिवशी सावकाश पाणी देऊन पुन्हा पाहा. एरेटर भाड्याने घेण्याची तारीख आधी ठरवून मग हवामानाकडे पाहणे हा उलटा क्रम आहे. शक्य असेल तर यंत्र दोन दिवस आधी तारीख बदलता येईल अशा अटीवर घ्यावे.

इशारा: चिकणमाती हलकी करण्यासाठी वाळू मिसळू नका. मातीचा स्वभाव बदलायला एकूण आकारमानाच्या निम्म्याहून अधिक वाळू लागते, जी कोणीही घालत नाही. थोडी वाळू मिसळली की चिकणाचे बारीक कण तिच्या मधल्या जागा भरतात आणि जमीन आधीपेक्षा घट्ट होते. इथे उपाय एकच आहे, दरवर्षी थोडे कंपोस्ट.

टप्पा ४: एरेशन, कंपोस्ट आणि पेरणी (ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य)

या चार-पाच आठवड्यांत जमीन उबदार असते, हवा थंड होऊ लागते, रात्री दव पडते आणि वसंतातले तण उगवत नाही. पेरलेल्या गवताला हिवाळ्याआधी मुळे धरायला पुरेसा काळ मिळतो. मे महिन्यात पेरलेल्या कोवळ्या रोपाला उथळ मुळांनिशी थेट जुलैला तोंड द्यावे लागते, म्हणून वसंतातली पेरणी केवळ उघड्या जागा झाकण्यापुरती ठेवावी.

४.१ कापणी. जुने गवत चार-पाच सेंटीमीटरपर्यंत खाली कापा आणि कापलेले उचलून घ्या. एवढे खाली कापण्याची वर्षातली ही एकच वेळ आहे. मृत गवताचा स्पंजासारखा थर सव्वा सेंटीमीटरपेक्षा जाड असेल, तर तो दाताळ्याने ओढून काढा.

४.२ एरेशन. मातीच्या नळ्या उपसून बाहेर टाकणारे कोअर एरेटरच घ्या. टोकदार खिळ्यांचे रोलर किंवा बुटाला बांधायचे खिळे भारी जमिनीत उपयोगाचे नाहीत. ते माती काढत नाहीत, छिद्राच्या भोवती ती आणखी दाबतात. आधी फवाऱ्यांची तोंडे आणि जमिनीलगतच्या तारा शोधून झेंड्या लावा. मग यंत्र उभे आणि आडवे असे दोन वेळा फिरवा. नळ्या पाच ते आठ सेंटीमीटर लांब निघाल्या पाहिजेत. त्या उचलू नका, तिथेच वाळू द्या. पावसाने आणि पुढच्या कापणीने त्या विरघळतात.

तपासणी: नळी तीन सेंटीमीटरपेक्षा लहान निघत असेल, तर जमीन कोरडी आहे. काम थांबवा, पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. दातांमध्ये चिखल अडकत असेल, तर जमीन फार ओली आहे.

४.३ कंपोस्ट. पूर्ण कुजलेले, चाळलेले आणि अमोनियाचा वास नसलेले कंपोस्ट अर्धा ते एक सेंटीमीटर जाडीने पसरून दाताळ्याच्या पाठीने छिद्रांत ढकला. हिशेब सोपा आहे. शंभर चौरस मीटरवर एक सेंटीमीटर थर म्हणजे एक घनमीटर कंपोस्ट, म्हणजेच तीस लिटरच्या सुमारे तेहतीस पिशव्या. लॉन मोठे असेल तर सुटे कंपोस्ट मागवणे स्वस्त पडते.

४.४ बियाणे. पिशवीच्या पुढच्या चित्रापेक्षा मागची यादी वाचा. उन्हाच्या जागेसाठी केंटकी ब्लूग्रासचा भाग मोठा, बारीक पानांच्या फेस्क्यूचा मध्यम आणि पेरेनियल रायग्रासचा लहान असावा. रायग्रास पाच ते दहा दिवसांत उगवते, फेस्क्यू एक ते दोन आठवड्यांत आणि ब्लूग्रास दोन ते चार आठवड्यांत. स्वस्त मिश्रणात रायग्रास जास्त घातलेले असते. ते आधी उगवून ब्लूग्रासला दाबते आणि कडक हिवाळ्यात स्वतःही विरळ होते. सावलीत बारीक फेस्क्यूचे प्रमाण वाढवावे. दक्षिणेच्या तापणाऱ्या उतारावर, पाणी देणे कठीण असेल तिथे, टॉल फेस्क्यूची मुळे खोल जात असल्याने ते अधिक टिकते; मात्र ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत पेरावे.

उघड्या जमिनीवर अशा मिश्रणाचे सुमारे दोन किलो बी शंभर चौरस मीटरला लागते. विरळ हिरवळीत एक ते दीड किलो पुरते. बियाण्याचे दोन भाग करून एक उभ्या आणि एक आडव्या दिशेने पेरा, म्हणजे पट्टे राहत नाहीत. बी कंपोस्टच्या वर टाकून हलके दाताळे फिरवा आणि रोलर न वापरता पायाने किंवा फळीने दाबा. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल गेलेले बी बहुधा वाया जाते.

४.५ खत. शंभर चौरस मीटरला एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त नत्र (नायट्रोजन) देऊ नये. पिशवीवरचा पहिला आकडा, म्हणजे नत्राची टक्केवारी, २५ असेल, तर दोन किलो खतात अर्धा किलो नत्र आले. स्फुरदयुक्त खत केवळ अहवालात कमतरता दिसली तरच घ्यावे. जास्तीचे स्फुरद गटारांवाटे ऑन्टॅरिओ सरोवरात जाऊन शेवाळ वाढवते.

टप्पा ५: पेरणीनंतरचे सहा आठवडे

पहिले दोन-तीन आठवडे वरचा एक सेंटीमीटर थर सतत ओलसर राहिला पाहिजे, म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा हलका फवारा द्यावा. चिकणमाती पाणी सावकाश पिते. डबकी दिसू लागली की फवारा बंद करावा, नाहीतर बी वाहून सखल भागात गोळा होते. अंकुर दोन-तीन सेंटीमीटरचे झाले की पाण्याच्या वेळा कमी करून प्रत्येक वेळी जास्त पाणी द्यावे, म्हणजे मुळे खाली जातील.

पहिली कापणी गवत आठ-नऊ सेंटीमीटर झाल्यावर, जमीन कोरडी असताना आणि पात्याला नवी धार लावून करावी. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा नियम पुढेही कायम आहे. नेहमीची उंची सहा ते आठ सेंटीमीटर ठेवावी.

तण आणि किडी यांबद्दल थोडक्यात. ऑन्टॅरिओत २२ एप्रिल २००९ पासून शोभेच्या हिरवळीवर रासायनिक तणनाशके आणि कीटकनाशके वापरण्यास बंदी आहे. सीमेपलीकडून आणलेली बाटलीही चालत नाही. लोहयुक्त तणनाशकाला परवानगी आहे, पण ते नव्या अंकुरांवर मारू नये. गवत गालिच्यासारखे सहज उचलले जात असेल, तर खाली हुमणीसारख्या अळ्या असतील. त्यांवर ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संध्याकाळी, ओल्या जमिनीत, सूत्रकृमी (अळ्यांना मारणारे सूक्ष्म कृमी) सोडावेत. तणावरचा खरा उपाय मात्र दाट गवत हाच आहे.

टप्पा ६: झाडे आणि झुडपे (सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य)

कुदळ उचलण्याच्या आठवडाभर आधी ‘ऑन्टॅरिओ वन कॉल’कडे विनामूल्य नोंद करून गॅस, वीज आणि केबल यांच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्यात. हे कायद्याने बंधनकारक आहे.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद आणि गोळ्यापेक्षा किंचित उथळ असावा. खोड जिथे रुंदावून मुळांत उतरते, तो भाग जमिनीच्या दोन ते पाच सेंटीमीटर वर राहिला पाहिजे. फावड्याने खणताना खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि मुळे त्यांतून बाहेर पडत नाहीत. म्हणून खुरप्याने त्या खरवडून घ्याव्यात. तारेची जाळी आणि गोणपाट खड्ड्यात झाड उभे केल्यावर कापून काढावे.

खड्ड्यात तीच निघालेली माती परत भरावी. शेणखत आणि कंपोस्टने खड्डा भरण्याची आपली सवय इथे घातक ठरते. भोवतालची जमीन पाणी पीत नाही, खड्ड्यातली भुसभुशीत माती पिते, आणि सगळ्या बाजूंचे पाणी तिथे साचून मुळे कुजतात. कंपोस्ट द्यायचे असेल तर वरून, रुंद वर्तुळात द्यावे.

इशारा: खोडाभोवती खोलगट आळे करू नका. कोरडवाहू भागात ते झाड जगवते. इथे हिवाळ्यात त्यात पाणी साचून गोठते आणि खोडाची साल फाटते. पहिल्या उन्हाळ्यापुरता मुळांच्या गोळ्याच्या बाहेरच्या कडेवर मातीचा बुटका बांध घालावा आणि हिवाळ्यापूर्वी तो मोडावा. लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन पाच ते आठ सेंटीमीटर जाड द्यावे, मात्र ते खोडाला टेकू नये.

निवड करताना मातीशी भांडू नये. बर ओक, स्वॅम्प व्हाइट ओक, सर्व्हिसबेरी, रेड ओझिअर डॉगवुड, नाइनबार्क, न्यू इंग्लंड ॲस्टर आणि स्विचग्रास ही इथलीच झाडे-झुडपे चिकणमातीत चांगली वाढतात. ब्लूबेरी आणि ऱ्होडोडेंड्रॉन यांना आम्लधर्मी माती लागते. चुनखडीच्या जमिनीत गंधक घालून सामू खाली आणण्याचा प्रयत्न टिकत नाही, म्हणून ती मोठ्या कुंडीतच लावावीत. ॲश जातीचे झाड लावू नये. एमराल्ड ॲश बोअरर हा भुंगेरा ते मारतो.

टप्पा ७: हिवाळ्याची तयारी (ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर)

पडलेली पाने नव्या अंकुरांवर आठवडाभर जरी साचली तरी ते गुदमरतात. पाने थोडी असतील तर मोव्हरनेच बारीक करून तिथेच सोडावीत, जास्त असतील तर उचलावीत. शेवटची कापणी पाच-सहा सेंटीमीटरवर करावी. लांब गवत बर्फाखाली आडवे पडून त्यावर बुरशी धरते. गवताची वाढ थांबली आहे पण ते अजून हिरवे आहे, अशा वेळी नत्राचा शेवटचा हप्ता द्यावा. गोठलेल्या जमिनीवर खत टाकू नये.

रस्त्याचे आणि पायवाटेचे मीठ चिकणमातीचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण त्यातले सोडियम मातीच्या कणांची रचनाच मोडते. घरासमोर शक्यतो वाळू वापरावी आणि मिठाळ बर्फ फावड्याने हिरवळीवर लोटू नये. फुटपाथलगतची पट्टी दरवर्षी जळत असेल, तर एप्रिलमध्ये जमीन वितळल्यावर तिथे आधी जिप्सम घालावे आणि मग भरपूर पाणी देऊन मीठ खाली धुवावे. टप्पा १ मध्ये सांगितलेला अपवाद तो हाच.

टप्पा ८: वसंत आणि उन्हाळा

बर्फ गेला की दाताळे हातात घेण्याचा मोह होतो. पायाखालची जमीन दबत असेल, पाऊल उचलल्यावर ठशात पाणी येत असेल, तर तिच्यावर जाऊ नये. वाफसा आल्यावर, साधारणतः एप्रिलच्या उत्तरार्धात, चिकटलेले गवत हलक्या हाताने उभे करावे. मे अखेरपर्यंत नत्र देण्याची घाई करू नये. आधी दिलेले पानांना वाढवते, मुळांना नाही.

उन्हाळ्यात पाऊस धरून आठवड्याला अडीच सेंटीमीटर पाणी पुरते. लॉनवर उभ्या कडांचा रिकामा डबा ठेवून ते मोजावे. पहाटे दहा-पंधरा मिनिटे फवारा, अर्धा तास विसावा आणि पुन्हा दहा-पंधरा मिनिटे, असे दिले म्हणजे पाणी गटारात न जाता मुरते. नगरपालिकेने पाण्यावर निर्बंध घातले असतील, तर ब्लूग्रासला पिवळे पडू द्यावे. ते मेलेले नसते. चार ते सहा आठवडे झोपून राहू शकते, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एक सेंटीमीटर पाणी मिळाले तर त्याचे कोंब जिवंत राहतात. या काळात त्यावर खत टाकू नये आणि मुलांना त्यावर खेळू देऊ नये. ऑगस्टच्या मध्याला पुन्हा मूठभर माती दाबून पाहावी आणि वाफसा असेल तर एरेटर मागवावा.